पाव चौरस मिलिमीटर जागेसाठी : भारत सेमिकंडक्टर मिशनला खुले पत्र

प्रति,
भारत सेमिकंडक्टर मिशनचे अधिकारी,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी गेली बावीस वर्षं ऑप्टिकल कम्युनिकेशन शिकवते. हे पत्र लिहायला कारण झाला एक प्रश्न.

गेल्या उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा चालू होती. माझ्या एका विद्यार्थिनीने सिलिकॉनच्या सूक्ष्म रिंगवर चालणारा ऑप्टिकल स्विच, म्हणजे प्रकाशाची वाट बदलणारा सांधा, आखला होता. सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळणारं : मीप, केलेआउट, जीडीएसफॅक्टरी. लॅबच्या जुन्या संगणकावर एकेक सिम्युलेशन रात्रभर चालायचं आणि सकाळी पहिल्या तासाच्या आधी ती येऊन आलेख पाहायची. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काम नीट वाचलं, दोन नेमके प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "हे कुठे बनवून पाहिलं?" ती म्हणाली, "कुठेच नाही, सर." गुण चांगले मिळाले. पण बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, माझी रिंग खरंच चालली असती का?"

मला उत्तर देता आलं नाही. ते देता न येण्यामागे एक भौतिक कारण आहे आणि माझी सगळी मागणी त्यावरच उभी आहे, म्हणून आधी तेच सांगते.

सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश ज्या वाटेने जातो ती वाट, म्हणजे वेव्हगाइड, साधारण ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर जाड असते. अशी वाट वळवून तिची रिंग केली, की ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश तिच्यात घुमतो. रिंगच्या स्विचचं सगळं काम त्या तरंगलांबीवर अवलंबून. आता वाटेच्या रुंदीत एक नॅनोमीटरचा फरक पडला, म्हणजे सिलिकॉनच्या स्फटिकातली जेमतेम दोन घरं इकडची तिकडे झाली, तर ती तरंगलांबी जवळपास एक नॅनोमीटरने सरकते. जाडीतल्या फरकाने त्याहून अधिक. तापमान एका अंशाने वाढलं तरी ती सुमारे ०.०८ नॅनोमीटर सरकते. साध्या रिंगचा झरोकाच, म्हणजे ती स्वीकारते तो तरंगलांबीचा पट्टाच, ०.१ ते ०.२ नॅनोमीटर रुंद असतो. म्हणजे लॅबचा एसी बंद पडला तरी स्विच हातचा जातो, आणि एकाच वेफरवर, म्हणजे चिप जिच्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, मध्यभागी बनलेली रिंग व कडेला बनलेली रिंग एकसारख्या वागत नाहीत.

सिम्युलेशनमध्ये रिंगची तरंगलांबी जिथे हवी तिथेच लागते. वेफरवर ती क्वचितच तिथे लागते. हे दुसरं वाक्य मी फळ्यावर लिहू शकते, परीक्षेत विचारूही शकते, पण ते अंगात भिनतं स्वतःची रिंग सरकलेली पाहिल्यावर, आणि मग तिला हीटरने ओढून जागेवर आणताना. एकात्मिक प्रकाश-परिपथांमधलं बरंचसं शहाणपण याच ओढाताणीत आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी आजवर एकालाही ती करायला मिळालेली नाही.

म्हणून आपल्याकडे एकच मागणं आहे : दरवर्षी एक सामायिक फोटॉनिक वेफर, म्हणजे अनेकांचे प्रकाश-परिपथ एकत्र कोरलेली एकच चकती, देशातल्या साध्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव.

हे पत्र खुलं असल्यामुळे इतरही वाचतील, तेव्हा ऑप्टिकल स्विच म्हणजे काय तेही सांगते. मराठवाड्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला त्यासाठी मनमाड आठवलं तरी पुरे. निजामाच्या काळात टाकलेला मनमाड–हैदराबाद रेल्वेमार्ग मीटर गेजचा होता. मुंबईकडून ब्रॉडगेजने आलेला माल मनमाडला उतरवायचा, पलीकडे न्यायचा आणि लहान वाघिणींमध्ये पुन्हा भरायचा. माणसंही वळकट्या उचलून गाडी बदलायची. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले आणि ही उतरवाउतरव थांबली. आज बहुतेक डेटा सेंटरच्या आत अजून तेच चालू आहे. फायबरमधून आलेला प्रकाश स्विचपाशी उतरवला जातो, त्याची वीज होते, इलेक्ट्रॉनिक चिप ती वाचते, दिशा ठरवते आणि दुसऱ्या लेझरने पुन्हा प्रकाश करून पुढे पाठवते. प्रत्येक उतरवाउतरवीला वीज लागते, आणि त्या विजेची जी उष्णता होते ती बाहेर काढायला आणखी वीज लागते. ऑप्टिकल स्विच म्हणजे सांधेवाला. तो गाडी रिकामी करत नाही, सांधा बदलतो आणि गाडी भरलेली तशीच दुसऱ्या रुळावर जाते.

चिपवरचा सर्वांत साधा सांधा असा : प्रकाशाच्या वाटेला दोन फाटे फोडायचे, एका फाट्यावर बारीकसा हीटर बसवायचा आणि पुढे दोन्ही फाटे पुन्हा जोडायचे. तापलेल्या सिलिकॉनचा अपवर्तनांक थोडा वाढतो. दोनशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग, लांबीचा फाटा साधारण वीस अंशांनी तापवला, की त्यातला प्रकाश दुसऱ्या फाट्यापेक्षा अर्ध्या तरंगाने मागे पडतो. मग जोडाशी आल्यावर तो वरच्या दाराऐवजी खालच्या दाराने बाहेर पडतो. एवढंच. मूळ कल्पना लुडविग माख आणि लुडविग झेंडर यांची, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा ती आरसे आणि काचा मांडून टेबलावर करावी लागे.

दोन वाटांनी आलेल्या प्रकाशाची गाठ घालायची आणि त्यांच्यातला फरक वाचायचा, हेच तत्त्व आमच्या मराठवाड्यात लवकरच फार मोठ्या आकारात उभं राहणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होत आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि २,६०० कोटी रुपयांचा प्रकल्प, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याची बातमी आली तेव्हा वर्गात मुलांचे डोळे चमकले होते. त्याच मुलांना त्याच तत्त्वावरची, नखावर मावणारी चिप हातात धरायला मिळावी असं मला मनापासून वाटतं.

आणि फायबर तर आमच्या दारातच बनते. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत काचेच्या प्रीफॉर्मपासून, म्हणजे जाड दांड्यापासून, केसाएवढी फायबर ओढली जाते आणि देशाबाहेरही जाते. आमच्याकडून डिप्लोमा करून गेलेली मुलं रस्त्याच्या कडेला बसून जेसीबीने तोडलेली फायबर जोडतात. टोकं नीट कापून (क्लीव्ह) वितळवून जोडायची (स्प्लायसिंग), ओटीडीआर नावाचं यंत्र लावून किती प्रकाश वाया जातो ते बघायचं, यात त्यांचा हात बसलेला आहे. प्रकाश वाहून नेण्याचं काम या गावाला नवं नाही. तो वळवण्याचं काम मात्र आमच्यापर्यंत आलेलं नाही.

हे काम जगात कुठवर गेलं आहे ते आपण जाणताच. गूगलने २०२२ मध्ये आपल्या डेटा सेंटरच्या अंतर्गत जाळ्याची नवी रचना जाहीर केली. तिच्या मध्यभागी सूक्ष्म आरशांचे १३६ गुणिले १३६ दारांचे ऑप्टिकल स्विच आहेत, आणि एकूण बदलांमुळे विजेचा वापर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचं त्यांच्या अभियंत्यांनी लिहिलं आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने तर २४० गुणिले २४० दारांचा स्विच सिलिकॉनवर करून दाखवला, तोही २०१९ मध्ये. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियाने स्विचच्या मुख्य चिपशेजारीच प्रकाशाचे परिपथ बसवणारी यंत्रं जाहीर केली. त्यांत प्रकाशावर माहिती चढवायचं काम करते ती सूक्ष्म रिंगच. माझ्या विद्यार्थिनीचा विषय कुठल्या कोपऱ्यातला नव्हता.

ऐरोली–महापे पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहताना आम्ही पाहतो आहोत. त्यांना लागणारी वीज महाराष्ट्राच्याच ग्रिडमधून जाते. तेव्हा हा प्रश्न अमेरिकेतल्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही.

ऑप्टिकल स्विचच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर माझी बाजू लंगडी पडेल. प्रकाशाला थांबवून ठेवता येत नाही. फायबरमध्ये तो एका मायक्रोसेकंदात दोनशे मीटर जातो, म्हणजे एक मायक्रोसेकंद तिष्ठत ठेवायचा तर दोनशे मीटर फायबरचं वेटोळं हवं. प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचून रांग लावणं हे काम इलेक्ट्रॉनिक्सचंच आहे आणि पुढेही राहील असं मला दिसतं. आरशांचे स्विच सावकाश वळतात, त्यामुळे ते वारंवार न बदलणाऱ्या वाटांसाठीच ठीक. हीटरचे स्विच मायक्रोसेकंदांत वळतात, पण सतत वीज खातात. लिथियम नायोबेटच्या पातळ थरावरचे खूप वेगवान आहेत, पण तो पदार्थ कारखान्यातल्या नेहमीच्या सिलिकॉन उत्पादन लाइनवर चालवणं सोपं नाही. सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही, म्हणून लेझर इंडियम फॉस्फाइडचा आणून जोडावा लागतो. या प्रत्येक 'पण'मध्ये एकेका तरुण माणसाचं आयुष्यभराचं काम दडलेलं आहे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रकाशाची चिप बनवायला दोन किंवा तीन नॅनोमीटरचा अत्याधुनिक कारखाना लागत नाही. ट्रान्झिस्टर लहान करत नेता येतो, प्रकाश तसा करता येत नाही. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सिलिकॉनमध्ये शिरला की सुमारे ४४५ नॅनोमीटरचा होतो, त्याहून फार अरुंद वाटेत तो मावतच नाही. म्हणून जगात सिलिकॉन फोटॉनिक्स उभं राहिलं ते इलेक्ट्रॉनिक्सने मागे टाकलेल्या लाइनींवर, १८० आणि १३० नॅनोमीटरच्या पिढीतल्या यंत्रांवर. मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची लाइन आहे. ती आहे तशी या कामाला चालेल असा माझा दावा नाही. वेफर वेगळा लागतो, ज्यात सिलिकॉनच्या थराखाली दोन-तीन मायक्रॉन जाडीचा ऑक्साइड असतो. शिवाय कोरलेल्या भिंती गुळगुळीत लागतात, नाहीतर प्रकाश वाटेतच विखुरतो. ती प्रक्रिया बसवायला काही वर्षं जातील. पण ही दरी पैसे आणि चिकाटीने भरून निघणारी आहे.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा त्यातल्या एका योजनेच्या नावातच 'सिलिकॉन फोटॉनिक्स' हे शब्द पाहून मी ती अधिसूचना छापून नोटीस बोर्डावर लावली होती. पुढे सुधारित योजनेत भांडवली खर्चाचा निम्मा वाटा उचलायची तयारी केंद्राने दाखवली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि चेन्नईच्या आयआयटीत या विषयावर उत्तम काम चालू आहे. चेन्नईच्या केंद्राला तर आपल्याच मंत्रालयाचं पाठबळ आहे. पवईच्या आयआयटीत बाहेरच्या लोकांसाठी असलेल्या कार्यक्रमात मी स्वतः काही दिवस शिकले आहे. पांढरा सूट घालून मी पहिल्यांदा क्लीनरूममध्ये उभी राहिले तेव्हा माझी नोकरीची चौदा वर्षं झाली होती. तिथल्या तंत्रज्ञांनी ज्या आपुलकीने शिकवलं ते मी विसरलेली नाही.

आपला 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रम तर मला सर्वांत जवळचा वाटतो. ८५,००० अभियंते घडवायचं उद्दिष्ट, बंगळुरूच्या सी-डॅक या सरकारी संस्थेमधून महाविद्यालयांना महागडी डिझाइन सॉफ्टवेअर पुरवणं आणि विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप मोहालीत प्रत्यक्ष बनवून देणं, हे सगळं त्यात झालं आहे. मी मागते आहे ते यापेक्षा वेगळं काही नाही. तेच दार प्रकाशाच्या चिपसाठीही उघडा, एवढंच.

हिशोब मांडून दाखवते. विद्यार्थ्यांच्या एका गटाला चार-पाच रिंग, एक-दोन सांधे आणि आत-बाहेर जायची दारं मांडायला अर्धा मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद तुकडा पुरतो. म्हणजे पाव चौरस मिलिमीटर. यंत्राच्या एका छापात वीस गुणिले वीस मिलिमीटरचं क्षेत्र धरलं तर त्यात असे सोळाशे तुकडे बसतात. मोकळ्या पट्ट्या आणि चाचणीच्या रचना सोडल्या तरी काहीशे गट आरामात मावतील. दोनशे मिलिमीटरच्या वेफरवर हा छाप पन्नासहून अधिक वेळा उमटतो. प्रत्येक गटाला आपल्या रिंगच्या मधल्या, कडेच्या, वरच्या, खालच्या इतक्या प्रती मिळतील की एक नॅनोमीटरचा तो फरक त्यांना आलेखावर स्वतः काढता येईल. सुरुवातीला प्रकाशावर माहिती चढवणारा मॉड्युलेटर नको, प्रकाश टिपणारा डिटेक्टर नको. नुसत्या वाटा आणि वर धातूचे हीटर असले तरी पुरे. आपली लाइन तयार होईपर्यंत परदेशातल्या सामायिक वेफरवर मिशनने एकगठ्ठा जागा विकत घ्यावी. एकट्या महाविद्यालयाला ते झेपत नाही. मी एकदा दर मागवला होता, तो आमच्या विभागाच्या वर्षभराच्या प्रयोगशाळा खर्चापेक्षा जास्त निघाला.

युरोपने हे २००६ मध्येच ओळखलं. बेल्जियमच्या आयमेक आणि फ्रान्सच्या लेती या संस्थांनी ईपिक्सफॅब सुरू केलं आणि अनेकांच्या रचना एकाच वेफरवर घेऊन खर्च वाटून टाकला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने आखलेला परिपथ इलेक्ट्रॉन बीमने खरोखर कोरतात आणि त्याचं मोजमाप त्याला पाठवतात. घरी बसलेल्या विद्यार्थ्याला! हे वाचलं त्या दिवशी मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं.

चिप मिळाली की ती मोजायची कुठे, हा पुढचा प्रश्न. तरंगलांबी बदलता येणारा लेझर, पॉवर मीटर, तापमान स्थिर ठेवणारं टेबल, तिरकी धरलेली फायबर आणि वर सूक्ष्मदर्शक कॅमेरा. इतकी सामग्री राज्यात चार-पाच ठिकाणी ठेवली आणि वेळापत्रक लावून आसपासच्या सगळ्या महाविद्यालयांना उघडी केली तरी चालेल. मुलं एसटीने येतील, मोजतील आणि जातील. मोजलेली आकडेवारी सर्वांना खुली असावी, फसलेल्या रिंगचीसुद्धा.

इथेच आमच्या स्प्लायसिंग करणाऱ्या मुलांची आठवण होते. फायबरमधला प्रकाश दहा मायक्रॉन रुंद असतो आणि चिपवरची वाट अर्धा मायक्रॉन. त्या दोघांची गाठ घालून डिंकाने कायमची बसवणं हे फोटॉनिक्समधलं फार अवघड आणि खर्चाचं काम आहे, कित्येकदा चिपपेक्षाही महाग. ते करायला स्थिर हात आणि मीटरवरचा आकडा वाचत मायक्रॉन-मायक्रॉन सरकायची सवय लागते. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांमध्ये ती घडवता येते. फोटॉनिक्स म्हणजे पीएचडीवाल्यांचंच क्षेत्र ही समजूत मला पटत नाही. चिप पॅकेजिंगचे कारखाने देशात उभे राहत असताना हे काम करणारे लोक आधीच तयार असायला हवेत.

"आधी मूलभूत शिक्षण तरी धड होऊ द्या," असं मला माझ्याच क्षेत्रातल्या ज्येष्ठांनी ऐकवलं आहे. त्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेते, कारण प्रकाशाच्या व्यतिकरणाची व्याख्या पाठ म्हणून दाखवणारी आणि त्याचा अर्थ न कळलेली मुलं मी दरवर्षी पाहते. पण माझा अनुभव असा, की अर्थ कळतो तो हाताने काही घडल्यावर. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांचे सिग्नल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतात हे मी वर्गात दहा वेळा सांगितलं होतं. सहलीला नेलं, तिथल्या रॅकमध्ये जाणारी फायबर मुलांनी डोळ्यांनी पाहिली, तेव्हा परतीच्या बसमध्ये रात्री अकरापर्यंत प्रश्न संपले नाहीत.

आमच्या विभागात तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. रस्त्यापासून लांब असल्याने तिथे कंपनं कमी आहेत, आणि दिवसभर एसी चालवायला प्राचार्यांनी होकार दिला आहे. मोजमापाचं एक टेबल मराठवाड्यात ठेवायचं ठरलं तर ती खोली घ्या. दुसऱ्या महाविद्यालयाला दिलं तरी मी आनंदाने तिथे जाऊन मुलांना शिकवीन.

त्या विद्यार्थिनीला पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. जाताना ती आपल्या रिंगची जीडीएस फाइल, म्हणजे चिपचा आराखडा, माझ्याकडे देऊन गेली. ती माझ्या टेबलावरच्या संगणकात आहे. सगळा आराखडा साडेचारशे मायक्रॉन लांब, तीनशे मायक्रॉन रुंद. पाव चौरस मिलिमीटरमध्ये मावतो.

कळावे,

आपली नम्र,
ऑप्टिकल कम्युनिकेशनची एक शिक्षिका
छत्रपती संभाजीनगर